ब्रश हातात असेपर्यंत

नणंदबाईंची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा धाकटीच्या घरातलं झाडून सगळं माणूस ओलं होतं, आणि त्यातलं निम्मं लाल होतं.

ओलं का, ते सोपं आहे. उन्हाळ्याची सुट्टी होती, घरात तीन पोरं होती, आणि गच्चीवर नळ होता. लाल का, ते सांगायला मात्र सकाळपर्यंत मागे जावं लागेल.

आदल्या रात्रीच त्यांचा फोन आला होता, "उद्या येते. पोरांच्या बॅगा भरून ठेव." दर उन्हाळ्यात असंच व्हायचं. नणंदबाई मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळा गाव त्यांना 'बाई' म्हणे आणि रस्त्याने त्या येताना दिसल्या की मोठाली माणसंसुद्धा शर्टाची बटणं चाचपत. त्यांच्या घरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं, ठरल्या वेळी वाचायचं, दुपारी पडदे ओढून पडायचं. सुट्टी लागली की पोरं तिकडे जायची, 'वळण लावायला'. या घराची ती जुनीच रीत होती. बाई स्वतः लहान होत्या तेव्हा त्यांनाही त्यांच्या आत्याकडे असंच धाडलं जाई.

धाकटीची तक्रार वळणाबद्दल नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की वर्षभर डबे, गणवेश, गृहपाठ, सर्दी-खोकला हे सगळं आपल्या वाट्याला, आणि मोकळी, हसती, रिकामटेकडी पोरं मात्र आत्याच्या वाट्याला. यंदा तिने सासूबाईंसमोर उभं राहून सांगितलं होतं, "या वर्षी मला माझी पोरं हवीत."

सासूबाई म्हणाल्या, "बघू." त्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. पण मग काय वाटलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "अर्धी सुट्टी ठेव. कसं जमतंय ते बघून पुढचं ठरवू."

अर्धी सुट्टी काल संपली होती. आणि कसं जमलं म्हणाल, तर चादरींचा तंबू बैठकीत ठोकला होता तो अजून काढलेला नव्हता. मधल्याने आपले केस आपणच कापले होते, फक्त डाव्या बाजूचे. आंघोळीच्या टबात एक बेडूक राहायला आला होता आणि सगळे त्याच्या सोयीने आंघोळ करत होते. सासूबाई हे सगळं रोज फोनवर लेकीला सांगत. तक्रार म्हणून सांगायला सुरुवात करत आणि बेडकापाशी आल्या की त्यांनाच हसू आवरेनासं होई.

"बाईंना असं वाटता कामा नये की माझ्याच्याने होत नाही," धाकटी त्या सकाळी स्वतःशीच म्हणाली. "त्या येतील तेव्हा पोरं शांत बसून काहीतरी शिकत असली पाहिजेत."

आणि इथेच तिने ती चूक केली.

खाली नवऱ्याचं दुकान होतं, पाट्या रंगवायचं. सासरे पेंटर, नवराही पेंटर. नवऱ्याला तर अख्खी गल्ली 'पेंटर' याच नावाने हाक मारायची. धाकटीने दुकानातून तीन जुने ब्रश आणले, एका डब्यात पाणी घेतलं आणि पोरांना गच्चीवर नेलं. ऊन चढू लागलं होतं. फरशीवर पाण्याने काहीही काढावं, ते बघता बघता सुकून जाई. ना कागद लागे, ना पुसावं लागे.

"आधी उभी रेघ," ती उकिडवी बसून दाखवू लागली. "हात मनगटातून नाही हलवायचा, खांद्यातून हलवायचा. बघ. रेघ काढताना श्वास सोडायचा. आजोबा तसंच करायचे."

"आणि चुकली तर?" मधल्याने विचारलं. सगळे त्याला मुंगूस म्हणत, कारण तो सरळ कधी जातच नसे.

"चुकली तर सुकेपर्यंत थांबायचं. मग ती चूक नाहीच."

मुंगसाला हे फारच आवडलं. थोरली तोपर्यंत अर्धी फरशी ओली करून बसली होती. तिला घरात फौजदारीण म्हणत. तिने धाकट्या बहिणीला, ठिपकीला, कोपऱ्यात आपली वेगळी जागा आखून दिली होती आणि बजावलं होतं, "ही हद्द ओलांडायची नाही." हद्द लगेच सुकली आणि ठिपकीने ओलांडली. मग जे भांडण पेटलं त्यात पाण्याचा डबा लवंडला. आणि धाकटी, शांतता हवी म्हणून, घाईघाईने बोलून गेली:

"ए, ए! दुकानातला नियम माहीत आहे ना? ज्याच्या हातात ब्रश आहे त्याला कुणी टोकायचं नाही. हाक मारायची नाही, बोलवायचं नाही, रागवायचं नाही. ब्रश खाली ठेवेपर्यंत काहीही नाही!"

नियम खराच होता. सासऱ्यांनी तो घातलेला. एकदा एका मोठ्या पाटीवर ते शेवटचं अक्षर काढत असताना कुणीतरी जेवायला हाक मारली, आणि अक्षर भलतीकडेच गेलं. तेव्हापासून त्या घरात आग लागली तरी ब्रश धरलेल्या माणसाला हाक मारत नसत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण हा नियम कुणी मोडला नव्हता.

फौजदारीण विचारात पडली. तिचा विचार चेहऱ्यावर चालत येताना दिसायचा.

"कुणीच नाही टोकायचं?"

"कुणीच नाही."

"तू पण नाही?"

"मी पण नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि धाकटीच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय.

त्यानंतर ब्रश काही कुणाच्या हातातून सुटला नाही. फौजदारिणीने एका हाताने नाश्ता केला, दुसऱ्या हातात ब्रश. मुंगूस ब्रश उंच धरूनच आंघोळीला गेला आणि बाहेर आला तो साबणासकट. "डोकं धुतलंस का रे?" असं विचारायला धाकटीने तोंड उघडलं, तर त्याने ब्रश तिच्या नाकासमोर नाचवला. तिने तोंड मिटलं. ठिपकीने ब्रश फ्रॉकच्या आत खोचला आणि वर जाहीर केलं, "हातातच आहे!"

सासूबाई गच्चीच्या दाराशी टाकलेल्या पलंगावर बसून पाहत होत्या. "धाकटे, त्यांना एक लावून दे की."

"कशी देऊ? ब्रश आहे हातात."

"मग मी सांगते."

"तुम्हाला तरी कसं चालेल? नियम मामंजींचा आहे."

नवऱ्याच्या नियमापुढे सासूबाईंचं काही चालत नसे. तो जिवंत असताना चालत नव्हतं, आता तर नाहीच. पण तोंडाला पदर लावून त्या हलत होत्या, आणि ते रडणं नव्हतं.

मग मुंगूस खाली दुकानात गेला. पाण्याच्या रेघा सुकून जातात याचा त्याला कंटाळा आला होता. परत आला तो लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन, आणि अर्थातच ब्रशही हातात.

"अरे, तो रंग—" धाकटी किंचाळली.

"आई! टोकतेस!" तिन्ही पोरं एकदम ओरडली.

तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मुंगसाने गच्चीच्या कठड्यावर एक मोठी लाल रेघ ओढली. रेघ नव्हतीच ती, सापच होता. फौजदारीण म्हणाली, "श्वास सोड रे, श्वास!" आणि त्याचा कोपर धरून त्याला शिकवायला लागली. ठिपकीने आपल्या पायांना रंग लावला आणि जिन्यावरून खाली उतरली. धाकटी तिच्या मागे धावली, घसरली, आणि लाल पायठशांवर सपाट बसली.

हसू कुठून आलं ते तिला कळलं नाही. पण आलं, आणि थांबेना. पाठीला लाल रंग, केस ओले, पोट धरून हसतेय, पायऱ्यांवर तिन्ही पोरं खिदळतायत, आणि खाली फाटकाशी गाडीचं दार उघडण्याचा आवाज.

"अगं धाकटे!" बाई फाटकातूनच म्हणाल्या. "हे काय? लागलं का कुठे?"

"नाही वन्सं. रंग आहे."

"रंग?" बाई जिना चढू लागल्या. साडी दोन बोटांनी उचलून, एकेका लाल पायठशाला वळसा घालून त्या वर आल्या. मागून गाडीवाला बॅगा न्यायला आला होता. चपला काढाव्यात की पायातच ठेवाव्यात हे त्याला कळेना, म्हणून तो खालीच थांबला.

वरचं दृश्य पाहून बाई थबकल्या. मग त्यांनी तो आवाज काढला ज्या आवाजाने शाळेचं अख्खं मैदान गोठून उभं राहत असे.

"काय चाललंय हे?"

कुणी गोठलं नाही. मुंगसाने ब्रश वर केला. फौजदारिणीने केला. ठिपकीने फ्रॉकमधून ओढून काढला आणि केला.

"आत्या," फौजदारीण अदबीने म्हणाली, "ब्रश हातात आहे."

बाईंचं तोंड उघडं होतं. ते तसंच राहिलं. आणि मग, धाकटीने डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी ते मिटलं. वडिलांचा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता.

"बरं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग ठेवा खाली. मग बोलू."

"नाही ठेवणार," ठिपकी म्हणाली.

"कधी ठेवणार?"

"सुट्टी संपली की."

बाई भावजयीकडे वळल्या. "हे तू शिकवलंस?"

"चुकून शिकवलं," धाकटी म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "पण शिकलीत मात्र अगदी पक्कं."

"आई!" आता बाई सासूबाईंकडे वळल्या. "तू फोनवर म्हणालीस की हिच्याच्याने होत नाही म्हणून."

"मी कुठे म्हटलं?" सासूबाई चटकन म्हणाल्या. "मी म्हटलं बेडूक आला."

"'बाई, तू येऊन घेऊन जा' असं म्हणालीस."

"ते बेडकाबद्दल म्हटलं."

धाकटीने खाली पाहिलं, म्हणजे हसू दिसू नये. काल रात्रीपर्यंत सासूबाई लेकीच्या बाजूला होत्या हे तिला ठाऊक होतं. आज सकाळी कधीतरी, बहुधा त्या साबणासकट बाहेर आलेल्या मुंगसाच्या वेळी, त्या बाजू बदलून बसल्या होत्या आणि लेकीला सांगायला धजत नव्हत्या.

"थांब. भावालाच विचारते," बाई म्हणाल्या आणि कठड्यावरून वाकल्या. "अरे पेंटर! वर ये!"

पेंटर वर आला. त्याने एका नजरेत सगळं पाहिलं. आई, बहीण, बायको, तिघींचे चेहरे. कठड्यावरची लाल रेघ. आपला अर्धा रिकामा डबा. बहिणीने विचारलं, "तूच सांग. पोरं नेऊ की नको?"

पेंटरने शांतपणे कानामागचा ब्रश काढला आणि हातात धरला.

"अरे भित्र्या!" बाई म्हणाल्या.

"वन्सं, टोकताय," धाकटी म्हणाली, आणि आता तिला थांबवणं शक्यच नव्हतं. ती भिंतीला टेकून हसत सुटली. पोरं हसली. सासूबाई खोकल्याचं निमित्त करून हसल्या. पेंटर गंभीर चेहऱ्याने हवेत एक उभी रेघ काढत राहिला.

फक्त बाई हसल्या नाहीत. त्या तिथे, त्या लाल गच्चीत, इस्त्रीच्या साडीत उभ्या राहिल्या. आणि धाकटीचं हसू हळूहळू ओसरलं, कारण तिला त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेना. दिसत होतं ते वेगळंच होतं. सगळे खेळत असताना ज्या पोराला कुणी खेळायला घेत नाही, त्याच्या चेहऱ्यावर असतं तसं.

"मी घरी तीन उशा आणून ठेवल्यात," बाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही. "ठिपकी पहिल्यांदाच येणार म्हणून. लहान उशा. अभ्रे शिवून घेतले."

शाळेला सुट्टी लागली की बाईंच्या त्या मोठ्या नीटनेटक्या घरात काय उरत असेल, याचा विचार धाकटीने आजवर केलाच नव्हता. पडदे ओढलेली दुपार, आणि बाई.

"तू गेलीस की आत्याकडे मजेत असायचीस ना गं?" सासूबाईंनी अचानक विचारलं. "लहानपणी?"

"मजेत?" बाई म्हणाल्या. "आई, भाऊ इथे दुकानात असायचा. बाबा त्याचा हात धरून रेघा शिकवायचे. मी तिकडे घड्याळाकडे बघत बसायचे. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी वाकडं आहे म्हणून मला सरळ करायला पाठवतात."

"अगं..." सासूबाईंचा हात पदराशी थांबला. "मुलींना पाठवायचीच रीत होती. मी विचारलंच नाही कुणाला. तुझा एकही उन्हाळा मी बघितला नाही, पोरी. कशी होतीस तू उन्हाळ्यात, मला माहीतच नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. पेंटरचा हवेतला ब्रश थांबला.

आणि मोठी माणसं अशी गप्प झाली की लहानांना कंटाळा येतो. ठिपकीला कंटाळा आला. ती लाल पायांनी चालत बाईंपाशी गेली, त्यांची पांढरी साडी गुडघ्यापाशी धरली, साडीवर पाच लाल बोटं उमटवली, आणि आपला ब्रश वर केला.

"घे. मग तुला पण कुणी नाही ओरडणार."

बाईंनी ब्रशकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यभर खडू धरला होता, छडी धरली होती, लाल शाईचं पेन धरलं होतं. त्यांनी ब्रश हातात घेतला, तो असा जणू गरम असावा. फौजदारिणीने डबा पुढे सरकवला.

"मनगटातून नाही हं आत्या. खांद्यातून."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "मी दारातून बघायचे."

त्यांनी ब्रश बुडवला, डब्याच्या काठावर निथळला, जसे त्यांचे वडील निथळत. मुंगसाचा साप जिथे संपत होता, त्याच्या पुढून त्यांनी कठड्यावर रेघ सुरू केली. आडवी, लांब. पाटीच्या धंद्यात यापेक्षा अवघड काही नाही. पट्टी न लावता सरळ लांब रेघ काढायची, आणि मध्ये थांबायचं नाही. बाई कडेकडेने सरकत चालल्या. श्वास सोडताना त्यांच्या ओठांतून बारीक आवाज येत होता. तिन्ही पोरं त्यांच्यामागे, एकामागे एक, श्वास धरून. पेंटर डोळे बारीक करून पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा कधीच गेली होती. रेघ सरळ होती. अगदी सरळ.

खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही.

धाकटीला कळलं की ती जिंकली आहे. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. बाईंची ती रेघ कठड्याच्या शेवटापर्यंत जाईल, त्या ब्रश खाली ठेवतील, साडी झटकतील, आणि आज बहुधा पोरांना इथेच सोडून एकट्या परत जातील. एकट्या. त्या तीन उशांकडे.

"वन्सं," ती म्हणाली.

फौजदारिणीने दचकून आईकडे पाहिलं. सासूबाईंनी तोंडाला हात लावला. पेंटरने डोळे मिटून घेतले. त्या घरात, त्या नियमानंतर, खरी रेघ चालू असताना कुणी कुणाला हाक मारली नव्हती.

"वन्सं, पोरं मी देणार नाही," धाकटी म्हणाली. "ती माझी आहेत आणि हा उन्हाळाही माझा आहे. पण तुम्ही राहा. उरलेली सुट्टी राहा इथे. उशा मागवून घेऊ."

बाईंचा हात हलला. रेघ, ती एवढी सरळ रेघ, एक झोका घेऊन खाली उतरली आणि तिथेच तुटली.

बाई त्या मोडलेल्या जागेकडे बघत राहिल्या. वडील असते तर काय झालं असतं ते त्यांना आणि पेंटरला नीट ठाऊक होतं.

"टोकलंस," बाई म्हणाल्या.

"हो."

"बघ काय झालं. सगळी गेली." त्यांनी मान तिरकी करून रेघ न्याहाळली. "आता हे खरवडावं लागेल. मग पहिल्यापासून काढावं लागेल. एका दिवसाचं काम नाही हे."

"नाहीच," पेंटर हळूच म्हणाला. त्याने आपला ब्रश पुन्हा कानामागे खोचला. "ताई, थिनर आणू का?"

"तू मधे बोलू नकोस. माझ्या हातात ब्रश आहे." आणि बाई कठड्यावरून वाकल्या, मैदान गोठवणाऱ्या त्याच आवाजात खाली ओरडल्या, "अहो, तुम्ही जा! आणि जाताना घरून तीन उशा घेऊन संध्याकाळी परत या! माझे कपडेही आणा, जुने असतील ते!"

गाडीवाला 'हो बाई' म्हणाला आणि बिचारा निघाला. सासूबाई पलंगावरून उठून गच्चीत आल्या, स्टूल ओढलं, आणि लेकीच्या अगदी जवळ बसल्या, इतक्या जवळ की त्यांच्या पदरालाही रंग लागला. आता बोलायची त्यांना घाई दिसत नव्हती. त्या नुसत्या बघत होत्या.

बाईंनी पुन्हा ब्रश बुडवला. ठिपकी बराच वेळ हात पुढे करून उभी राहिली. मग तिने पाय आपटला.

"आत्या, आता माझी पाळी."

"थांब जरा."

"आई! आत्या ब्रश देत नाही!"

"नाही देणार ती," धाकटी म्हणाली. पाठीवरचा लाल रंग आता वाळून तडतडायला लागला होता. ती जमिनीवर, पोरांच्या रांगेत, बसून घेत म्हणाली, "तू दुकानातून दुसरा आण. आणि येताना माझ्यासाठी पण एक आण."